अन्नाविना तयार होणारी साखर

माणसाच्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि रक्तातील लाल पेशींना ऊर्जेसाठी ग्लुकोजवाचून दुसरा आधारच नसतो, कारण मेद जाळणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात नसतात. या गरजेच्या मानाने शरीराचा साठा मात्र तुटपुंजा आहे. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने, म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून, जेमतेम ७० ते १०० ग्रॅम साखर ठेवलेली असते. स्नायूंत याहून बरेच अधिक ग्लायकोजेन असले, तरी तेथे ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट तोडणारे विकर नसल्यामुळे ही साखर रक्तात येऊ शकत नाही आणि स्नायूंच्याच कामी येते. त्यामुळे जेवणानंतर साधारण एका दिवसात यकृताचा साठा संपत येतो, आणि तरीही रक्तातील साखर शून्याकडे घसरत नाही, कारण यकृत कर्बोदके नसलेल्या पदार्थांपासून नवे ग्लुकोज घडवू लागते. या प्रक्रियेला ग्लुकोनिओजेनेसिस म्हणतात. ती केवळ उपासमारीत चालते असे नाही. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत काही खाल्ले नाही, तर पहाटे यकृतातून बाहेर पडणारे जवळपास निम्मे ग्लुकोज असे नव्याने घडवलेले असते.

ही व्यवस्था किती दूरवर साथ देते, याचे एक विलक्षण उदाहरण विदर्भाच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे स्वातंत्र्य आंदोलन मोडून काढताना झालेल्या, विशेषतः स्त्रियांवरील, अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी यांनी उपवास आरंभला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारशी तडजोड झाल्यावर १२ जानेवारी १९४३ रोजी, म्हणजे ६३ दिवसांनी, तो उपवास सुटला. एका दिवसात साठा संपणारे शरीर नऊ आठवडे मेंदू जागा ठेवते, तेव्हा त्याची साखर येते कोठून, हा प्रश्न शरीरशास्त्रातील अत्यंत मूलभूत प्रश्नांपैकी एक आहे.

नव्या ग्लुकोजचा कच्चा माल मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळतो. लाल पेशी आणि श्रम करणारे स्नायू ग्लुकोज अर्धवट वापरून लॅक्टिक आम्ल रक्तात सोडतात व यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाते, ज्यांना ग्लायकोजेनविषयीच्या संशोधनासाठी १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेदाचे विघटन होताना सुटणारे ग्लिसरॉल हा दुसरा स्रोत, तर स्नायूंतील प्रथिने मोडून मिळणारी ॲलानिन आणि ग्लुटामिन यांसारखी अमिनो आम्ले हा तिसरा. ग्लुकोजच्या विघटनातील दहा पायऱ्यांपैकी सात पायऱ्या उलट दिशेनेही चालतात, मात्र उरलेल्या तीन एकेरी असल्यामुळे यकृताला तेथे निराळी विकरे वापरून वळसा घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. या विघटनाच्या शेवटी मिळणाऱ्या पायरुव्हेटच्या दोन रेणूंपासून ग्लुकोजचा एक रेणू घडवताना उच्च ऊर्जेचे सहा फॉस्फेट बंध खर्ची पडतात, तर त्याच ग्लुकोजचे विघटन पायरुव्हेटपर्यंत केले असता केवळ दोनच परत मिळतात. हा खर्च यकृत मेद जाळून भागवते.

येथे एक मोठी अडचण उभी राहते. शरीरातील ऊर्जेचा सर्वांत मोठा साठा मेदाचा असला, तरी मेदाम्लांपासून माणसाला ग्लुकोज जवळजवळ बनवताच येत नाही, कारण मेदाम्ले तुटून तयार होणारे ॲसेटिल-कोए पुन्हा पायरुव्हेटमध्ये बदलू शकत नाही आणि ऊर्जा देणाऱ्या पुढच्या चक्रात त्याचे दोन्ही कार्बन हिशेबाने कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. वनस्पतींपाशी मात्र ग्लायऑक्झिलेट चक्र नावाची जादा वाट आहे. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत पहिल्या पावसावर सरकी रुजते, तेव्हा ती बियांतील तेलापासून साखर बनवून कोंबाला पुरवते. एका साध्या बीजाला जे जमते ते माणसाच्या यकृताला जमत नाही, आणि दीर्घ उपवासाचा बराच धोका याच उणिवेतून निर्माण होतो.

मेदापासून साखर मिळत नसल्याने सारा भार प्रथिनांवर पडला असता, तर मेंदूच्या गरजेसाठी रोज सुमारे २०० ग्रॅम प्रथिने, म्हणजे जवळपास एक किलो स्नायू, मोडावे लागले असते आणि माणूस दोन-तीन आठवड्यांतच दगावला असता. प्रत्यक्षात तसे घडत नाही. १९१२ मध्ये बोस्टन येथे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी केवळ पाण्यावर ३१ दिवस राहिलेल्या एका माणसाचे निरीक्षण केले. त्याचे वजन सुमारे १३ किलोंनी घटले, पण मूत्रावाटे जाणारे नायट्रोजन, जे प्रथिनांच्या नाशाचे माप आहे, उत्तरार्धात कमी होत गेले. याचा उलगडा १९६७ मध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या व्यक्तींचा मेंदू आपल्या गरजेचा बराच मोठा भाग, सुमारे दोन तृतीयांश, यकृताने मेदापासून बनवलेल्या कीटोन पदार्थांवर भागवत होता. त्यामुळे रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने मोडणारे शरीर पुढे २० ग्रॅमांवर येते आणि मूत्रपिंडेही ग्लुकोज घडवण्याचा मोठा वाटा उचलू लागतात. म्हणजे दीर्घ उपवासात माणूस तगतो तो साखर अधिक बनवून नव्हे, तर साखरेची गरज कमी करून.

घरोघरी होणाऱ्या एकादशीच्या उपवासात मात्र यातले फारसे काही घडत नाही, कारण साबुदाणा, भगर आणि बटाटा हे पिष्टमय पदार्थ पचून थेट ग्लुकोजच देतात. याउलट टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडल्याने यकृताच्या ग्लुकोजनिर्मितीला आवर घालणारे कोणी उरत नाही. म्हणूनच रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली आढळते. असा रुग्ण चोरून गोड खातो, हा घरच्यांचा संशय बऱ्याचदा अन्यायकारक असतो. मेटफॉर्मिन हे औषध प्रामुख्याने यकृताच्या याच निर्मितीला लगाम घालते. इन्सुलिन किंवा शरीरातील इन्सुलिन वाढवणारे ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी मात्र निर्जळी उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण इन्सुलिन नव्या ग्लुकोजची निर्मिती दाबून टाकते. आणि उपाशीपोटी मद्य तर कोणीही घेऊ नये, कारण मद्याचे विघटन करताना यकृताची ही निर्मिती मंदावते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.