प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी भरती परीक्षा (महाराष्ट्र)

प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी हे महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील गट 'क' संवर्गातील तांत्रिक पद आहे. शासकीय रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रक्त, लघवी, थुंकी इत्यादी नमुन्यांची तपासणी करणे, उपकरणांची अचूकता राखणे आणि अहवाल तयार करणे ही या पदाची प्रमुख कामे होत. रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी व क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी ही याच विभागातील समकक्ष स्वरूपाची पदे आहेत. ही पदे स्पर्धा परीक्षेद्वारे भरली जातात.

पात्रता व प्रशिक्षण

या पदासाठी साधारणतः विज्ञान शाखेची पदवी आणि वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदविका (डीएमएलटी), किंवा प्रयोगशाळा विषयातील परावैद्यक तंत्रज्ञान पदवी आवश्यक असते. परावैद्यक पदवीचे अभ्यासक्रम नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चालतात. राष्ट्रीय पातळीवर या व्यवसायांच्या शिक्षणाचे नियमन करण्यासाठी २०२१ साली राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत झाला.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत याच्या उलट क्रम आढळतो. तेथील वैज्ञानिक प्रशिक्षण योजनेत पदवीधरांची स्पर्धेतून प्रथम निवड होते. त्यानंतर त्यांना तीन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण मिळते व त्यासोबतच पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले जाते. महाराष्ट्रात मात्र उमेदवाराने प्रशिक्षण स्वखर्चाने आधी पूर्ण करावे लागते आणि भरती निघेपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे परीक्षेच्या वेळापत्रकातील प्रत्येक विलंबाचा भार उमेदवारावर पडतो.

परीक्षेचे स्वरूप

परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची व २०० गुणांची असते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि संबंधित तांत्रिक विषय यांवर प्रश्न विचारले जातात. गुणवत्ता यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के गुण आवश्यक असतात. निवड जिल्हा किंवा परिमंडळनिहाय होते. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे आरोग्य सेवेच्या अकोला परिमंडळात मोडतात.

२०२१ची भरती

२५ व २६ सप्टेंबर २०२१ रोजी नियोजित असलेली गट 'क' व गट 'ड' भरतीची परीक्षा आदल्या दिवशी पुढे ढकलण्यात आली. त्या वेळी अनेक परीक्षार्थी परगावच्या केंद्रांकडे निघालेले होते. पुढे २४ ऑक्टोबर रोजी गट 'क' व ३१ ऑक्टोबर रोजी गट 'ड'ची परीक्षा झाली. परंतु प्रश्नपत्रिका फुटल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले व २०२२ मध्ये भरती रद्द करण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये १०,९४९ पदांसाठी नव्याने जाहिरात निघाली आणि वर्षाच्या अखेरीस संगणकाधारित परीक्षा घेण्यात आली.

तांत्रिक विषयाची तयारी

तांत्रिक भागात रक्तशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र, रक्तपेढी व गुणवत्ता नियंत्रण हे घटक येतात. प्रफुल्ल गोडकर यांचे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांत परिचित आहे. केवळ उत्तरे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कृतीमागील कारण समजून घेणे अधिक उपयुक्त ठरते. कारण तेच ज्ञान पुढे प्रत्यक्ष कामात लागते. याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

नमुना संकलन: रक्तपेशींच्या गणनेसाठी ईडीटीए असलेली, तर रक्तशर्करेसाठी सोडियम फ्लोराइड असलेली नळी वापरतात. नळीतील रक्तपेशी साखर वापरत राहतात व सामान्य तापमानाला तिचे प्रमाण ताशी सुमारे ५ ते ७ टक्के घटते. फ्लोराइड ही क्रिया रोखते. दूरच्या उपकेंद्रातून नमुना येण्यास वेळ लागत असेल, तर नळीची निवड चुकल्याने मधुमेही रुग्णाचा अहवालही सामान्य दिसू शकतो.

रक्तगट: १९५२ साली डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे रक्तगट' शोधला. या गटाच्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर 'एच' प्रतिजन नसते. केवळ पेशींची चाचणी केल्यास तिचा गट 'ओ' असल्याचे भासते. मात्र तिच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिपिंडे असल्याने तिला 'ओ' गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. रक्तद्रवाची 'ओ' पेशींबरोबर उलट चाचणी केली असता गुठळ्या दिसतात व चूक लक्षात येते.

हिवताप: जाड रक्तलेपात परजीवी आहेत की नाही हे लवकर कळते, पातळ लेपात त्यांची जात ओळखता येते.

गुणवत्ता नियंत्रण: ज्ञात मूल्याचा नियंत्रण नमुना दररोज तपासून त्याचे निष्कर्ष लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर नोंदवतात. निष्कर्ष सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेल्यास तो इशारा समजला जातो.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी हे सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्याचे ठिकाण असून उत्तरेस मेळघाटचा डोंगराळ प्रदेश आहे. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तो उद्भवतो. विद्राव्यता चाचणीत वाहक व रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळ होते. त्यांच्यातील फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच निश्चित होतो. हा भेद परीक्षेपुरता नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून अहवालातील एका शब्दावर कुटुंबाचा निर्णय अवलंबून राहतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाल्यानंतर अशा तपासण्यांचे महत्त्व वाढले आहे.

कोविड-१९ साथीतही स्थानिक प्रयोगशाळांची गरज ठळक झाली. सुरुवातीला अमरावती जिल्ह्यातील नमुने बाहेरगावी पाठवावे लागत. मे २०२० मध्ये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली व अहवाल जिल्ह्यातच मिळू लागले.