मुंगीचा अकीक-छिलका आणि नर्मदेचा हत्ती

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दक्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. लाव्हारसापासून बनलेल्या ह्या खडकात सस्तन प्राण्यांचे जीवाश्म शोधणे व्यर्थच होय. ते मिळतात ते नद्यांनी पुष्कळ पुढच्या काळात ह्या पाषाणावर आणून टाकलेल्या गोट्यावाळूच्या थरांत. शेवगाव तालुक्यातील मुंगी हे गोदावरीच्या उजव्या तीरावरील गाव पैठणाशी जोडल्या जाणाऱ्या नावामुळे मराठी वाचकास परिचित आहे. परंतु प्राग्मानवाच्या कालनिर्णयाच्या वादातही त्याला स्थान आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आर्थर विन यास मुंगीजवळ, अश्मीभूत हाडे असलेल्या थरांत, अकीकाचा एक छिलका मिळाला. सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी 1868 साली संस्थेच्या 'रेकॉर्ड्स'च्या पहिल्याच खंडात त्यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात हे थर 'प्लायोसीन' म्हटले असून त्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह घातले आहे. सर्व वादाचे मर्म त्या प्रश्नचिन्हात आहे.

दगडाच्या छिलक्यावर त्याचे वय लिहिलेले नसते. तो ज्या थरात सापडला त्याचे वय तोच त्याचा काल. आणि थराचे वय त्यातील प्राण्यांवरून ठरवावयाचे. गोदावरीकाठच्या हाडांसाठी तुलनेस हाताशी होती ती नर्मदेच्या खोऱ्यातील हाडे. तेथील नामशेष हत्तीला ह्यू फाल्कनर व प्रोबी कॉटली यांनी 1840 नंतरच्या दशकात 'एलिफास नमाडिकस' हे नाव दिले होते, आणि तेथील रानबैलास फाल्कनरने पुढे 'बॉस नमाडिकस' म्हटले. ही नावे केवळ वर्णनात्मक राहिली नाहीत. फाल्कनरने नर्मदेचे थर प्लायोसीन मानल्यामुळे, ज्या थरात हे प्राणी आढळतील तो प्लायोसीन, असे जणू समीकरणच होऊन बसले. ते मुंगीस लावले तर दक्खनचा माणूस युरोपातील तत्कालीन ज्ञात माणसाहूनही प्राचीन ठरत होता! ओल्डहॅमला हे पाऊल निःशंकपणे टाकवले नाही, ह्यात त्याचा विवेकच दिसतो. येथे हेही नमूद केले पाहिजे की, 1858 साली फ्रान्समधील अ‍ॅबेव्हिलची दगडी हत्यारे पाहून प्रेस्टविचला तिकडे जाण्यास प्रवृत्त करणारा फाल्कनरच होता. मुंगीवरील लेख प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र तो हयात नव्हता. 1865 सालीच त्याचे निधन झाले होते.

समीकरणातील दोष नर्मदेच्याच थरांनी उघड केला. तेथील सस्तन प्राणी नामशेष असले तरी शंखशिंपले आज जिवंत असलेल्या जातींचे आहेत. लायेलने तृतीय कालखंडाचे विभाग पाडले ते मुळी शिंपल्यांतील विद्यमान जातींच्या प्रमाणावरूनच. त्या कसोटीने हे थर प्लायोसीनहून अलीकडचे ठरतात. 1872 साली हॅकेट याने नर्मदाकाठी भुत्रा येथे हाडांच्याच थरांतून हातकुऱ्हाड काढली, त्यामुळे मुंगीचा शोध एकाकी राहिला नाही. पुढे नर्मदा व गोदावरी या दोन्ही खोऱ्यांचे हे थर प्लाइस्टोसीन मानले जाऊ लागले. हत्तीचे नाव कायम राहिले, त्याचा काल तेवढा पुढे सरकला. 1905 साली पिलग्रिमने गोदावरीच्या गाळातील हत्तीचे वर्णन करताना त्यास युरोपातील 'एलिफास अँटिक्वस'मध्येच अंतर्भूत केले. आज ह्या दोन्ही जाती 'पॅलिओलोक्सोडॉन' ह्या प्रजातीत घालतात, आणि नमाडिकसला स्वतंत्र जातीचे स्थान देण्याकडे बहुतेकांचा कल आहे.

गोदावरीच्या खोऱ्यातील हत्यारांचा क्रम लावण्यास मात्र हाडांपेक्षा थरांचाच अधिक उपयोग झाला. ह. धी. सांकळिया यांनी 1954 पासून प्रवरेकाठी नेवासे येथे केलेल्या कामात हातकुऱ्हाडी खालच्या गोट्यांच्या थरात, तर अकीक, जास्पर इत्यादींचे छिलके व त्यांची हत्यारे त्यावरील थरात आढळली. मुंगीचा छिलका द्रव्याच्या दृष्टीने ह्या दुसऱ्या, म्हणजे मध्य पुराणाश्मयुगीन, गटाशी जुळतो.