उसाच्या बिलाची फाईल कोणत्या वाटेने जाते?



ऊस काट्यावर आला की आपण सगळे डोळ्यांत तेल घालून वजन बघतो. थोडा फरक वाटला तरी काटेवाल्याला जाब विचारतो, आणि ते बरोबरच आहे. पण पुढे काय होते? दर पंधरवड्याला बिलाची यादी तयार होते. सभासद नंबर, टनेज, दर, सोसायटीची वजावट, निव्वळ रक्कम आणि बँकेचा खाते नंबर. पूर्वी ही यादी शिपाई बँकेत नेऊन द्यायचा. आता तिची फाईल होऊन तारेवरून जाते. या वाटेवर आपले कोणाचे लक्ष नाही. खाते नंबरातले दोन आकडे कोणी बदलले, की वर्षाच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात! १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत द्यायचे असते, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. तेव्हा बिल वाटेत अडकणे कोणालाच परवडणारे नाही.

फाईल पाठवण्या-घेण्याचा सर्व्हर यंदा नवा घ्यायचा आहे. त्यासाठी संगणक विभागाच्या मंडळींबरोबर आम्ही मुंबईत अंधेरी पूर्वेला, मरोळला जाऊन आलो. याच भागात १९७३ साली सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक मालाचे निर्यात क्षेत्र सुरू झाले. तिथे फाटकावर कस्टमची नोंद झाल्याशिवाय माल हलत नाही. सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅमसुद्धा चुंबकीय फितीवर भरून परदेशी जायचे. आज ते तारेवरून जातात, फाटकावरच्या माणसाला दिसतही नाहीत. अशा मालाचे फाटक म्हणजे हा सर्व्हर. मग स्वस्तातला घ्यावा की भरवशाचा? काही प्रोग्रॅम तर फुकटही मिळतात. आम्ही प्रत्येकाला चार प्रश्न विचारले. ते सभासदांनाही माहीत असावेत.

पहिला प्रश्न, फाईल बंद पाकिटातून जाते की उघड्या पोस्टकार्डावर? फाईल पाठवण्याची एफटीपी ही जुनी पद्धत १९७१ साली अभय भूषण या आपल्याच माणसाने अमेरिकेत लिहिली. आयआयटी कानपूरचे ते विद्यार्थी. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या, सगळे ओळखीचे. म्हणून पासवर्डही उघडाच जायचा. आज तसे चालणार नाही. एसएफटीपीसारख्या नव्या पद्धतीत पासवर्ड आणि फाईल दोन्ही सांकेतिक लिपीत जातात. जुने दार साफ बंद करता येते का, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न, प्रोग्रॅम आणला कुठून? जुलै २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी या नावाजलेल्या फुकट प्रोग्रॅमची भेसळ केलेली प्रत त्याच्या मूळ ठिकाणीच कोणी तरी ठेवल्याचे उघडकीस आले. वापरणाऱ्याच्या नावापुढे हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली की मागचे दार उघडायचे. ज्यांनी बनवणाऱ्याची डिजिटल सही ताडून पाहिली, त्यांना भेसळ कळली. बियाण्याच्या पिशवीचे सील आपण बघतो ना, तसेच हे.

तिसरा प्रश्न, भोक पडले तर बुजवणार कोण आणि किती दिवसांत? महागडा माल घेतला म्हणजे सुटलो, असे नाही बरं का. मे २०२३ मध्ये मूव्हइट या विकतच्या प्रोग्रॅममधले भोक चोरांनी आधी शोधले, कंपनीची दुरुस्ती नंतर आली. जगभरातल्या दोन हजारांहून जास्त संस्थांची माहिती त्यात गेली. म्हणून दुरुस्ती ताबडतोब बसवणारा माणूस हवा, आणि काम झालेली फाईल सर्व्हरवर पडू देता कामा नये. कोठार रिकामे असेल तर चोर नेणार काय?

चौथा प्रश्न, आत कोणाला सोडणार? फक्त बँकेच्या ठरलेल्या पत्त्याला, प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली, आणि येण्याजाण्याची नोंद दुसऱ्या यंत्रावर. म्हणजे चोराला आपली नोंद खोडता येणार नाही. फाईलीबरोबर तिचा आकडेमोडीने काढलेला ठसाही जायला हवा. एक आकडा बदलला तरी ठसा जुळत नाही, आणि बँक यादी परत पाठवते. हा ठसा बँकेकडे वेगळ्या वाटेने पोचवावा. नाहीतर फाईल बदलणारा ठसाही बदलेल.

हे दूरचे दुखणे समजू नका. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणक सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत सहकारी बँका पुष्कळ, व्यवहार अडले. खातेदारांची काय चूक? त्यांच्या बँकेचे काम तिसऱ्याच्या यंत्रावर होते, एवढेच.

तेव्हा कोटेशनमधला सर्वांत खालचा आकडा बघून हा माल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वार्षिक सभेत दराबरोबर हेही चार प्रश्न विचारा. आणि आपल्या बाजूचे काम विसरू नका. बिलाच्या पावतीवरचा खाते नंबर पासबुकाशी ताडून बघा. खाते बदलायचे असेल तर गट कार्यालयात स्वतः येऊन सही करा. फोनवर कोणी नंबर किंवा ओटीपी मागितला, तर तो कारखान्याचा माणूस नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा.