अ‍ॅमॉक्सिसिलिन : उपयोग आणि काळजी

आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात अर्धवट संपलेली कॅप्सूलची पट्टी पडलेली असते. आमच्याही घरी होती. मुलाला सर्दी झाली, तेव्हा 'मागे यानेच गुण आला होता' म्हणून आम्ही त्याला त्यातल्या दिल्या. सर्दी हटली नाही, उलट अंगावर पुरळ उठले. डॉक्टरांनी आम्हाला चांगलेच सुनावले. ते औषध होते अ‍ॅमॉक्सिसिलिन. त्यानंतर आम्ही जे वाचले व विचारून घेतले, ते सभासद बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

हे औषध पेनिसिलिनच्या कुळातील आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये एका बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्या देशात ते तयार व्हावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मूळचे पेनिसिलिन पोटातील आम्लात टिकत नसल्याने इंजेक्शनने द्यावे लागे. १९७० नंतर वापरात आलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन मात्र तोंडावाटे घेता येते.

जिवाणूभोवती एक भिंत असते. ती बांधण्याचे कामच हे औषध बंद पाडते, म्हणून जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते. विषाणूंनाही नसते; म्हणूनच साधी सर्दी किंवा फ्लू यांवर त्याचा काहीही उपयोग नाही. कान, घसा व सायनस यांचा जिवाणूजन्य संसर्ग, न्यूमोनिया, दाढेचा गळू अशा विकारांत डॉक्टर ते देतात. काही जिवाणू या औषधाचा नाश करणारे रसायन तयार करतात. अशा वेळी क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची जोड दिली जाते.

जुलाब, मळमळ व पुरळ हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. चेहरा सुजला, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पूर्वी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

नोबेल पारितोषिक स्वीकारताना १९४५ साली खुद्द फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात. आज तेच संकट जगापुढे उभे आहे. तेव्हा चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, सांगितलेले दिवस ते नियमाने घ्यावे, आणि उरलेली पट्टी दुसऱ्याला देऊ नये. विद्यार्थी मित्रांनी आज घरी जाऊन कपाटाचा तो खण एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.