घराचा घसारा : जयपूरच्या भिंती काय सांगतात?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. घर उभे करण्यातील सारी यातायात या एका म्हणीत सामावली आहे. उभे राहिलेले घर टिकविण्याची यातायात मात्र आपण फारशी मनावर घेत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी घसाऱ्याची ओळख होते. यंत्र असो वा वाहन, वापराने आणि काळाने त्याची झीज होते व तिच्यासाठी दरवर्षी तरतूद करावी लागते. दुकानाच्या हिशेबात ही तरतूद न चुकता करणारा व्यापारी आपल्या राहत्या घराबाबत मात्र ती विसरतो. घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी मालमत्ता आणि तिचीच निगा सर्वांत कमी, असा हा विरोधाभास आहे.

जयपूरसारख्या शहरात काम करताना हा विचार वारंवार मनात येतो. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीचा तटबंदीतील भाग २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. परंतु हे काही केवळ पाहण्याचे शहर नव्हे. तीनशे वर्षांच्या या वस्तीत आजही लोक संसार करतात, खाली दुकान व वर बिऱ्हाड असते, जुन्या हवेल्यांतून चुली पेटतात. मराठी माणसालाही ही नगरी परकी नाही. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे मूळचे महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीतील त्यांच्या नावाची हवेली तिच्यातील भित्तिचित्रांमुळे केंद्र सरकारची संरक्षित वास्तू आहे.

पाणी हाच खरा शत्रू

जयपूरचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे रखरखीत ऊन उभे राहते. वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. अशा कोरड्या प्रदेशात ओलीची चिंता कशाला, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारी आणि हिवाळ्याच्या रात्री गारठणारी गच्ची प्रसरण व आकुंचन पावत राहते. तिला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी आत उतरते. वर्षातील नऊ महिने पाऊस नसल्यामुळे गच्चीची तपासणी कोणी करीत नाही आणि छतावर डाग दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

याची किंमत केवळ रंगसफेदीपुरती नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये जयपूरच्या सुभाष चौक परिसरातील एक जुनी इमारत पावसाळ्यात कोसळली आणि वडील व मुलगी यांचा मृत्यू झाला. जुन्या इमारती बहुधा एका रात्रीत पडत नाहीत. भिंतीत मुरलेली ओल, फुगलेला गिलावा, रुंदावत जाणारी भेग अशा सूचना त्या आधीपासून देत असतात. त्या वाचता येणे हीच देखभालीची पहिली पायरी होय.

जुन्या भिंतीला जुनेच औषध

जयपूरच्या जुन्या भिंती दगड व चुन्याच्या आहेत. येथील कारागिरांची ‘अराईश’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. भिजवून महिनोन्महिने मुरविलेला चुना, संगमरवराची भुकटी, त्यात दही व गूळ यांसारखे पदार्थ, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. अशा रीतीने भिंतीला आरशासारखी झळाळी येते. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या बांधकामात घाणीत मळलेला चुना वापरला जाई, तीच ही परंपरा.

चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, परंतु त्यातून बाष्प बाहेर पडू शकते. भिंतीत आलेली ओल त्यामुळे आपोआप सुकते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की बाष्पाची वाट बंद होते. ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार भिंतीच्या पृष्ठभागापाशी साचतात आणि लोणा लागून गिलावा पापुद्र्यांसारखा सुटतो. काही वेळा त्याच्याबरोबर दगडाचा दर्शनी थरही निघतो. ‘पक्के काम’ म्हणून केलेला खर्च असा उलट फिरतो. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुना आणि सिमेंटच्या भिंतीला सिमेंट, हा साधा नियम जयपुरातील हवेलीइतकाच वाईच्या वा नाशिकच्या वाड्यालाही लागू आहे. चुना मात्र गवंड्याच्याच हातून लावून घ्यावा. कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तीव्र उष्णता निर्माण होते व डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. बाजारपेठेवरील दर्शनी भागात कोणताही बदल करण्यापूर्वी नगर निगमाची परवानगी घ्यावी, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्वतः करावयाची कामे

प्रत्येक कामासाठी कारागीर मिळत नाही आणि मिळाला तरी दहा मिनिटांच्या कामासाठी येण्यास तो राजी नसतो. पुढील कामे कोणाही गृहस्थाला वा गृहिणीला स्वतः करता येतील.

नळाची गळती : गळणाऱ्या नळाखाली मापाचा पेला ठेवावा. मिनिटाला दहा मिलिलिटर पाणी जमले तर दिवसाला १४.४ लिटर आणि वर्षाला पाच हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. बहुतेक साध्या नळांत दोष केवळ झिजलेल्या वॉशरचा असतो. मुख्य झडप बंद करून पान्ह्याने नळाचा वरचा भाग उघडावा, त्याच मापाचा वॉशर बसवावा आणि बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी.

ओलीची परीक्षा : भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतील बाजूस आले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरील बाजूस आले तर ती खोलीतील हवेची आहे. कारण समजल्याखेरीज रंगावर खर्च करू नये.

भेगेची नोंद : भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांनी भेग खुणेपुढे गेली, किंवा ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वाढत असली, तर विलंब न करता स्थापत्य अभियंत्यास दाखवावी. रंगावरील केसासारख्या भेगा लांबीने बुजविता येतात.

विजेची सुरक्षितता : गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आर. सी. सी. बी. घरात बसविलेले असावे व त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी. जयपूरसारख्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात जमीन सुकते व अर्थिंगची परिणामकारकता घटते; म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. कूलर विजेचा आणि पाण्याचा एकत्र व्यवहार असल्याने प्लग काढल्याखेरीज त्याला हात लावू नये. बल्ब बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

हत्यारांची पेटी

यासाठी मोठी सामग्री लागत नाही. हातोडी, पक्कड, सपाट व चौफुली तोंडाचे स्क्रू-ड्रायव्हर, कमी-जास्त होणारा पान्हा, टेस्टर, मोजपट्टी, छोटी करवत, छिन्नी, थापी, पाणसळ, ओळंबा आणि चांगली विजेरी एवढे पुरेसे आहे. सोबत निरनिराळ्या मापांचे वॉशर, स्क्रू, खिळे, टेफ्लॉन व इन्सुलेशन पट्टी आणि रबरी हातमोजे ठेवावेत. जयपूरच्या बाजारात मराठी नावे घेतली तर दुकानदार गोंधळतो. येथे पक्कड म्हणजे प्लास, थापी म्हणजे करनी आणि ओळंबा म्हणजे साहुल. स्वस्त हत्यार घेऊन स्क्रूची खाच मोजण्यापेक्षा चांगल्या पोलादाचे एकदाच घ्यावे. वापरानंतर पुसून तेलाचा हलका हात फिरविला की ते पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते.

सणांबरोबर देखभाल

देखभालीची सांगड सणांशी घातली तर ती विसरत नाही. मकर संक्रांतीला सारे जयपूर पतंग घेऊन गच्चीवर जाते. दुसऱ्याच दिवशी पन्हळीत अडकलेले मांज्याचे गुंते व फाटके पतंग काढावेत आणि गच्चीच्या भेगाही पाहून घ्याव्यात. होळीनंतर कूलर बाहेर काढताना त्याचा तळ गंजला आहे का, त्यातून भिंतीवर पाणी झिरपते का, ते तपासावे. वटपौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे पाऊस येण्यापूर्वी, गच्चीच्या निचऱ्याच्या वाटेवर दोन बादल्या पाणी ओतून ते साचत नाही याची खात्री करावी. टाकीची झाकणे माकडांना उघडता येणार नाहीत अशी बांधावीत. पावसाळा संपून भिंती पुरत्या सुकल्यावर, दिवाळीपूर्वी, रंगकाम करावे.

तरतूद आणि बँक

घराचा विमा असला म्हणजे देखभालीची गरज उरत नाही, असा एक समज आढळतो. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी विमा उपयोगी पडतो. नैसर्गिक झीज आणि हळूहळू झालेले नुकसान यांची भरपाई तो सामान्यतः देत नाही. घसाऱ्याचा भार घरमालकालाच उचलावा लागतो. दरमहा एक हजार रुपयांची आवर्ती ठेव उघडली तर वर्षाअखेर बारा हजार रुपये व त्यावरील व्याज हाती असते आणि किरकोळ दुरुस्ती घरखर्चाच्या मुळावर येत नाही. गच्ची नव्याने करणे, जलवाहिन्या बदलणे, भिंतींचे मजबुतीकरण यांसारख्या मोठ्या कामांसाठी बँका घरदुरुस्ती कर्ज देतात. त्यासाठी मालकीची कागदपत्रे, उत्पन्नाचा पुरावा आणि कामाचे सविस्तर अंदाजपत्रक लागते. अशा कामासाठी जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेण्यापूर्वी शाखेत अवश्य चौकशी करावी. गृहकर्जदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तारण ठेवलेली मालमत्ता सुस्थितीत राखणे ही कर्जकराराची सर्वसाधारण अट असते. कर्जाचे हप्ते वीस वर्षे चालतात. तोवर घरही तितकेच भक्कम राहावयास हवे.

एका वहीत घराचे खाते उघडावे. कोणत्या वर्षी गच्ची केली, कोणता पाइप बदलला, भेगेवर खूण कधी केली, किती खर्च आला, याच्या नोंदी तारखेसह ठेवाव्यात. घर विकताना, वारसांच्या हाती सोपविताना किंवा अभियंत्याला दाखविताना ही वही फार मोलाची ठरते. ज्या घरांची डागडुजी वेळेवर आणि योग्य सामग्रीने झाली, ती घरे जयपुरात आज तीनशे वर्षांनंतरही नांदती आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी आपणही एकदा गच्चीवर जाऊन यावे.