जाळ्याला वजन हवं, शिसं नको

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्याच्या एका अंगाने वैनगंगा वाहते, मधून चुलबंद जाते आणि गावोगावी तलाव नि बोड्या आहेत. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या या मालगुजारी तलावांवर धानाच्या बांध्या भिजतात आणि त्याच पाण्यावर ढिवर समाजाची चूल पेटते. या मासेमारीतली एक बारीक वस्तू सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. ती म्हणजे जाळ्याच्या काठाला ओवलेलं वजन. हे वजन कशाचं असावं आणि ते कुठे तयार व्हावं, हा प्रश्न मासे पकडणाऱ्याच्या घरातल्या लेकरांच्या तब्येतीशी जोडलेला आहे.

फेकजाळं हवेत गोल उघडतं, पाण्यावर पडतं आणि त्याचा काठ सगळीकडून एकदम तळाकडे जातो. काठ टेकायच्या आत रोहू-कटला खालून निसटली की फेक वाया गेली. दोरी ओढताना तोच काठ तळ घासत आत मिटत येतो. जाळं नायलॉनचं असो की सुताचं, मासा अडतो तो काठाच्या वजनामुळे.

शिसंच का?

शिशाचा एक घनसेंटिमीटर तुकडा ११.३४ ग्रॅम भरतो, लोखंडाचा ७.८७. शिसं पाण्यात गंजत नाही. ते इतकं मऊ असतं की त्याची पट्टी दोरीभोवती गुंडाळून हातोडीने हलकेच ठोकली की घट्ट बसते आणि सुताला कापत नाही. शिवाय ते ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. म्हणजे भट्टी लागत नाही, लाकडाची चूल पुरते. भंगारातलं शिसं लोखंडी पळीत वितळवायचं, मातीच्या किंवा लाकडाच्या साच्यात ओतायचं, की जाळ्याच्या गोळ्या तयार. गरीला लावायचं वजन असंच ओततात. मरळीसारखा शिकारी मासा हलत्या आमिषावर झेप घेतो. त्याच्यासाठी गळाच्या मानेवर शिशाचा थेंब ओतून, त्याला डोळे आणि खवल्यांचा रंग देऊन बनावट मासोळी करण्याचा छंद जगभर आहे.

सोपं, स्वस्त आणि हातातलं काम. म्हणूनच त्याचा धोका लवकर लक्षात येत नाही.

चुलीवरचं ओतकाम

वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते. ती चमच्याने बाजूला काढून अंगणात टाकली जाते. ही साय म्हणजे शिशाचं ऑक्साइड. ती वाळली की भुकटी होते. मग ती जमिनीवर, कपड्यांवर, नखांत बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. चुलीच्या निखाऱ्याचं तापमान शिशाच्या वितळबिंदूच्या कितीतरी वर असतं. मोजायला काही नसल्याने धातू गरजेपेक्षा जास्त तापतो आणि त्याची बाष्पंही श्वासात जातात. साचा ओलसर राहिला असेल तर संकट तत्काळ येतं. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं. साच्यातला पाण्याचा एक थेंबसुद्धा वितळलेलं शिसं डोळ्यावर-तोंडावर उडवायला पुरतो.

शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं. हाडांत ते वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात तिथून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. पोटात गेलेल्या शिशातला वाटा शोषून घेण्याचं प्रमाण लहान मुलांत मोठ्यांच्या चार-पाच पट असतं. त्याने बुद्धीची वाढ खुंटते, शिकणं मागे पडतं, आणि झालेली हानी भरून येत नाही. रक्तातली शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे जुनी बॅटरी फोडून शिसं काढणं. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सूर-मेर या वस्तीत बॅटऱ्यांच्या शिशाने माखलेली माती चाळली जात असे. तिथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ मुलं दगावली. गाडीची असो की इन्व्हर्टरची, बॅटरी घरी कधीही फोडू नये.

रंग किती राखतो?

गोळीला रंग दिला की शिसं बंद झालं, असं वाटणं साहजिक आहे. हाताला शिसं कमी लागतं, एवढं खरं. पण वजनाचं काम तळ घासण्याचं. दगड, मुरूम, बुंधे यांच्यावर घासून रंगाचे पापुद्रे निघतात आणि धातू उघडा पडतो. शिवाय रंग चढेपर्यंत वितळवणं होऊन गेलेलं असतं. रंगातही शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुना, बिनलेबलचा डबा म्हणून वापरूच नये.

तुटलेलं वजन तळाशी पडतं, तेव्हा ते पक्ष्यांच्या वाट्याला येतं. बदकं, हंस दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. शिशाची गोळी त्यांना खड्यासारखीच दिसते. पेषणीत ती झिजते आणि विष रक्तात जातं. हंस असे मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ साली गळाच्या बहुतेक लहान शिसे-वजनांवर बंदी घातली. डेन्मार्कनेही नंतर तोच मार्ग धरला. आपल्या तलावांवर हिवाळ्यात स्थलांतरित बदकं उतरतात आणि भंडारा-गोंदियाच्या पाणथळीत महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस जगतात. हा विचार आपल्यासाठीही आहे.

पाण्यातलं गणित

शिसं सोडायचं तर जाळं हलकं पडेल, ही शंका रास्त आहे. म्हणून हिशेब करू. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते आणि तेवढी हलकी होते. त्या हिशेबाने १०० ग्रॅम शिसं पाण्यात ९१ ग्रॅमचं काम करतं आणि १०० ग्रॅम लोखंड ८७ ग्रॅमचं. म्हणजे जाळ्याला ३ किलो शिसं असेल, तर त्याच्या जागी सुमारे ३ किलो १३० ग्रॅम लोखंड पुरतं. आकार दीडपट होतो, त्यामुळे बुडण्याचा वेग किंचित घटतो. आपल्या उथळ तलावांत तेवढ्याने फारसं बिघडत नाही.

लोखंडाची खरी अडचण गंज आहे. वजन म्हणून ओवलेली लोखंडी कडी गंजली की नायलॉन खाते. रंगाचा खरा उपयोग इथे आहे. कडी कानशीने गुळगुळीत करायची, गंजरोधक अस्तर द्यायचं, वर चांगल्या इनॅमलचे दोन हात, पूर्ण वाळवून मगच ओवायची. दर हंगामाआधी उडालेला रंग पुन्हा लावायचा. शिशावर जो रंग फक्त झाकण होतो, तोच लोखंडावर जाळ्याचं आयुष्य वाढवतो.

स्थिर लावायच्या जाळ्याला वेगाने बुडायचं नसतं. तिथे भाजक्या मातीचे मणी चालतात. १०० ग्रॅम मातीचा मणी पाण्यात जेमतेम ५० ग्रॅमचं काम करतो, म्हणून मणी जास्त लागतात. पण माती तलावाची, भट्टी कुंभाराची, आणि तुटून पडला तरी मातीतच मिळणार. सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांत भाजक्या मातीची जाळ्याची वजनं सापडली आहेत, इतकी ही रीत जुनी आहे. छंद म्हणून बनावट मासोळी करणाऱ्यांनी लाकडाचं अंग कोरून पोटात लोखंडी छर्रा बसवावा. रंगकामाची सारी हौस त्यावर भागते.

एकेकट्या घराने हा बदल करायचा तर खर्च आणि खटपट दोन्ही अंगावर येतात. मच्छीमार सहकारी संस्थांनी जाळी-सुताबरोबर रंगवलेल्या लोखंडी कड्या एकत्र घेतल्या तर दर आवाक्यात राहील. जुन्या जाळ्यावरचं शिसं वितळवू नये, गोळा करून परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे द्यावं. ज्या घरात शिसं ओतलं गेलं आहे, तिथल्या मुलांची आणि गरोदर बायांची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. जाळं टाकण्याचं कौशल्य बापाकडून लेकाला मिळतं. त्यासोबत शिसं मिळायचं काहीच कारण नाही, आणि ते थांबवायला लागणारं लोखंड नि रंग गावच्याच दुकानात आहे.