दहाच्या दहा

काचीगुड्याच्या १९१६ सालच्या स्टेशनाचे घुमट मी पहाटे टिपले आणि ते छायाचित्र इंटरनेटवरील एका स्पर्धेत धाडले. गुण एक ते दहा, देणारे स्पर्धकच. पन्नास जणांची सरासरी सहा भरली. मग रात्रीतून दहा जणांचे टोळके आले आणि प्रत्येकी एक गुण देऊन गेले. सरासरी ५.१७! याच दहांनी आपल्या माणसाला दहा-दहा दिले, की सहाचे ६.६७ होतात. वरचा नि खालचा एकेक गुण वगळण्याची जुनी युक्ती इथे लंगडी, नऊजण उरतातच. महबूब अली निजामांनी राजा दीनदयाळांना ‘मुसव्विर जंग’ किताब दिला, तेव्हा पारखी एकच होता. त्याचीही मर्जी राखावी लागतच असेल म्हणा!

भाचा म्हणाला, “मामा, आपणही मंडळी जमवू.” मी रागावलो. पण गेल्या खेपेस त्याच्या धूसर चारमिनारला दहा गुण मीच दिले होते.